टोपलीभर उखर्डू

नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. लिहायचं नाही असं मात्र मला अजून कोणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते. माझ्या नवऱ्याचं नाव उखर्डू. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आधी हसून घ्यावं. आमच्या खानदेशात एखाद्या बाईची मुलं लागोपाठ गेली, की पुढचं मूल झाल्यावर ते सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवतात. दुसरी एखादी बाई ते 'सापडलं' म्हणून उचलते आणि आई तिला मूठभर धान्य देऊन आपलंच मूल विकत घेते. मग त्याचं नाव उखर्डू, नाहीतर चिंधा. असल्या टाकाऊ पोरावर ना माणसाची नजर पडते, ना यमाची. माझ्या सासूबाई मंजुळाबाई, ज्यांना घरीदारी सगळे अक्का म्हणत, त्यांची तीन मुलं अशी गेली होती. चौथे हे.

बरं, नाव ठेवून सुटका होत नाही. ते नाव जन्मभर चालवावं लागतं. पोराचं कौतुक आपण करायचं नाही, दुसऱ्याने केलं तर तिथल्या तिथे मोडून काढायचं. अक्कांनी हे इतकं कडक पाळलं की मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, या यांच्या सावत्र आई असणार. यांना ताप आला की "एवढामा काय मरी जास?" असं म्हणायच्या आणि अंथरुणापाशी बसून राहायच्या, उठायच्या नाहीत.

आमची शेती बेताची, त्यामुळे हे गवंडीकाम करायचे. आमच्या भागात पाण्याचे हाल, म्हणून ज्याचा हौद गळत नाही तो गवंडी मोठा. उखर्डू पाटलाचा हौद गळत नाही, हे शिरपूरपासून पार जळगावच्या मेहरूणपर्यंत लोकांना ठाऊक होतं. नशिराबादच्या एका केळीवाल्याने तर यांना न्यायला जीप पाठवली होती, आणि अख्खं गाव ती जीप बघायला जमलं होतं. अक्का मात्र नवा हौद बघायला यायच्या, एक चक्कर मारायच्या आणि म्हणायच्या, "म्हैस बी पाणी पेवाव नही यामा." हे मान खाली घालून थापी धूत बसायचे. मला इतका राग यायचा! एकदा मी तोंडावर विचारलं, "अक्का, एखादा शब्द चांगला बोलनात ते काय बिघडी जाई?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घराला काडी लावायला निघाले होते.

आमचं गाव बोरवडं, तापीच्या काठावर. पावसाळा ओसरला की गावाखाली वाळूचा लांबच लांब पट्टा उघडा पडतो आणि मऊ पाठीची कासवं त्या वाळूत अंडी घालून जातात. पूर्वी कोणी त्याकडे ढुंकून पाहत नव्हतं. अंडी कोल्ह्याकुत्र्यांनी खायची, वाचली ती वाचली. मग शहरातून वाळूचे ट्रक यायला लागले आणि अंडी वाळूसकट भिंतींमध्ये जाऊ लागली. एक्याण्णवच्या सुमाराला सरकारने तो काठ राखीव केला, ट्रक बंद केले आणि तिथे कासवांसाठी केंद्र बांधायचं ठरलं. अंडी ठेवायला जाळीचं बंदिस्त आवार, वर सावलीला छप्पर, पिल्लांसाठी छोटं टाकं आणि राखणदाराची खोली, एवढंच.

त्या कामावर वनपाल म्हणून आले भाईदास सोनवणे. नंदुरबारकडचे, वयाने तरुण, आवाज इतका मऊ की ट्रकवाल्यांना दटावतानासुद्धा ते त्यांची विचारपूस करताहेत असं वाटायचं. बांधकाम त्यांनी यांना दिलं आणि राखणीचं काम आम्हा नवरा-बायकोला. "उखर्डूभाऊ, काम पक्कं करा," एवढंच ते म्हणाले.

आता यांना पक्कं म्हणजे काय ते एकच ठाऊक. यांनी आवाराच्या तळाला दगड रचले, त्यावर कोबा केला, तो घोटून घोटून आरशासारखा केला आणि त्यावर चाळलेली वाळू भरली. साहेबांनीही पाहिलं आणि वाहवा केली. नदीच्या वाळूतून खणून आणलेली अंडी त्यात पुरली. रोज संध्याकाळी झारीने थोडं पाणी शिंपडायचं, म्हणजे वाळूत ओल राहते, असं साहेबांनी सांगितलं होतं. ते आम्ही नेमाने केलं. थेंब थेंब पाणी खाली जात राहिलं आणि यांच्या कोब्यावर साठत राहिलं. जाणार कुठे? यांचा कोबा कधी गळतो का!

पिल्लं निघायची वेळ टळून गेली. साहेबांनी वाळू उपसली तर खाली चिखल होता आणि असा वास आला की मी पदर नाकाला लावून बाहेर पळाले. एकही अंडं धड नव्हतं. साहेब म्हणाले, "चूक माझीही आहे, मी बघायला हवं होतं." पण ते यांच्या कानात शिरलंच नाही. ज्या कामासाठी लोक जीप पाठवतात, त्याच कामाने एवढे जीव बुडाले होते. यांनी त्या दिवसापासून नवीन हौदाचं काम घेतलं नाही. कोणी बोलवायला आलं की हे मागच्या दाराने शेतात जायचे, आणि मी पुढच्या दारात उभी राहून खोटं बोलायचे.

अक्कांना मात्र वेगळंच खात होतं. पहिल्या दिवशी अंडी आणली तेव्हा त्या हळदकुंकू घेऊन गेल्या होत्या. वाळूत मांडलेली पांढरीशुभ्र गोल अंडी बघून त्यांच्या तोंडून निघून गेलं होतं, "काय गोरापान शेतस वं माय! मोतीच शेतस!" जन्मभर जीभ आवरलेली बाई, पण ही काही आपली लेकरं नव्हेत म्हणून जिभेचा लगाम सुटला. अंडी गेली ती कोब्यामुळे, हे साहेबांनी त्यांना दोनदा समजावलं. त्या मान डोलवायच्या. पुढे वर्षभर त्यांनी त्या आवारात पाऊल टाकलं नाही, लांबूनच बघून परत फिरायच्या.

दुसऱ्या वर्षी यांनी स्वतःच्या हाताने तो कोबा फोडला. मी शेजारी उभी राहून तुकडे घमेल्यात भरत होते. आपलं चांगलं काम फोडायचं म्हणजे माणसाचा चेहरा कसा होतो ते तेव्हा पाहिलं, आणि पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही. खाली नुसती नदीची वाळू ठेवली, पाणी मुरायला वाट केली. पण त्या साली तापीला उशिरा पूर आला. एक घरटं वाहून गेलं, दुसरं कोल्ह्यांनी फस्त केलं. काठभर हिंडून आम्हाला एकच घरटं सापडलं.

साहेबांनी त्या अंड्यांना फुलासारखं जपलं. एकेक अंडं वर काढण्याआधी त्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण केली. मला आणि यांना बजावून सांगितलं, "ही खूण कायम वरच राहिली पाहिजे. आतल्या जिवाने एकदा वरच्या कवचाला धरलं, की अंडं उलटं करायचं नाही. उलटं झालं तर तो आतल्या आत गुदमरतो." बांबूच्या मोठ्या टोपलीत वाळू, त्यात अंडी, वर पुन्हा वाळू. पुन्हा हाताळायला नको म्हणून ती टोपली आहे तशीच आवारातल्या वाळूत काठापर्यंत बसवली आणि कडेला पत्र्याची एक चकती बांधली. अक्का तेव्हा तिथे नव्हत्या. त्यांनी हे काही ऐकलं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

हिवाळा गेला, होळी झाली. धुळ्याहून मोठे साहेब येऊन गेले. रागीट नव्हते, पण स्पष्ट होते. या हंगामात एकही पिल्लू निघालं नाही तर केंद्र गुंडाळायचं, जाळी-पत्रे उचलायचे आणि काठ पुन्हा वाळूच्या लिलावात जाणार. ट्रकवाले पलीकडच्या धाब्यावर चहा पीत वाट बघतच होते. त्या दिवशी हे जेवायला बसले आणि ताटावरून उठले. "यंदा पिल्ला निंघनात नहीत ते करणी-थापी तापीमा टाकी दिसू नि सुरतले निंघी जासू," म्हणाले. माझा भाऊ चिंधा सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता, त्याने यांच्यासाठी जागाही बघून ठेवली होती. बांधायला एवढी हौस असलेला माणूस मागावर धागे जोडत बसणार, या विचाराने मला रडू आलं. मी रडलेही. 

आखाजी, म्हणजे आमची अक्षय तृतीया, जवळ आली तेव्हाची गोष्ट. केंद्राला नुसती कडी लावून आम्ही दोघं थाळनेरच्या बाजाराला गेलो होतो. यांना सुरतेसाठी पिशवी घ्यायची होती आणि मला ती घेऊ द्यायची नव्हती, म्हणून मीही गेले. शेवटी पिशवी घेतलीच. घासाघीस मीच केली, सवय जाते का! दुपारी एसटीतून उतरून आम्ही गावाकडे चालत येत होतो. वाटेत गावचा उकिरडा लागतो. तिकडून दोन बाया येत होत्या. पुढे आमच्या शेजारच्या सुंदरबाई, हातात काठी, कुत्र्यांना हुसकावत. मागे अक्का. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली. मला वाटलं, खत वाहताहेत.

यांनी मात्र पत्र्याची चकती ओळखली.

हातातली पिशवी खाली पडली. यांचं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही, कारण तेवढ्यात आम्हा दोघांच्याही एकच गोष्ट ध्यानात आली. ओरडलं आणि अक्का दचकल्या तर? धावत गेलं आणि त्या मागे वळल्या तर? त्या बाईच्या डोक्यावर त्या घडीला सगळं काही होतं, अंडी, केंद्र, नदीकाठ, माझा संसार. आम्ही चोरपावलांनी जाऊन त्यांच्या दोन बाजूंना झालो आणि मुकाट चालू लागलो. अक्का खूश झाल्या. मान न हलवता म्हणाल्या, "बरं झायं उनात. उतारले हात लावा."

त्या वाटेवर मी किती देव आठवले ते देवांनाच ठाऊक. खड्डा आला की हे पुढे होऊन पायाने ढेकळं सारायचे. एका म्हशीला तर मी शिंगाला धरून बाजूला ढकललं, एरवी मी म्हशीच्या वाऱ्याला उभी राहत नाही. केंद्र आलं. चौघांनी मिळून टोपली अलगद उतरवली, होती त्या खळग्यात बसवली, कडेने वाळू सारखी केली. आणि मग हे जे ओरडले!

"माय, तू काय करी टाकं हाई? कोणले इचारं तू?"

"तुले नाव ठेवं तवय कोणले इचारं व्हतं?" अक्का तितक्याच ठसक्यात म्हणाल्या. "मागला साल मी कवतिक करं नि बठ्ठा मरी गयात. म्हनीसन यासले उकिरडावर ठेवं. सुंदरनी उचलं, मी मूठभर दादर दिसन इकत लिधं. बठ्ठासनं नाव उखर्डू ठेवं. तू जगना ना? मंग!"

सुंदरबाईंनी पदराच्या गाठीत बांधलेली दादर ज्वारी पुरावा म्हणून सोडून दाखवली. मला हसावं की डोकं आपटावं ते कळेना. टोपलीभर उखर्डू!

यांना हसू आलं नाही. यांनी आईला साहेबांचं सगळं सांगितलं. पेन्सिलची खूण, आतला जीव, वरचं कवच. "माय, त्या उलटा व्हयनात ते आतमाच मरी जातस," असं म्हणताना यांचा आवाज फुटला. अक्का ऐकत होत्या. त्यांचा चेहरा बघता बघता असा उतरला की मला यांनाच गप्प करावंसं वाटलं. "मी टोपली वाकडी नही करी," त्या कशाबशा म्हणाल्या. "आत हात बी नही लाव." आणि काठी सुंदरबाईंच्या हातातून घेऊन, ती टेकत टेकत घरी गेल्या. एरवी त्यांना काठी लागत नसे.

साहेबांना सांगायला गेलो तेव्हा ते सरपंच हिलाल नानांच्या ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला. ते चिडतील, शिव्या देतील अशी माझी तयारी होती आणि दोन शब्द परत करायचीही तयारी होती. पण ते त्याच मऊ आवाजात म्हणाले, "टोपली किती हलली असेल?"

"काय सांगू साहेब," मी म्हटलं. "बाईमाणसाने डोक्यावर नेली. आता उघडून बघता येईल का?"

"नको. उघडलं आणि आतली जिवंत असली, तर आपणच मारू. आता वाट बघायची, वहिनी. दुसरं काही हातात नाही."

वाट बघायची म्हणजे काय असतं ते मला त्या उन्हाळ्यात कळलं. आखाजीला गावात झोके बांधले, माहेरवाशिणी आल्या, गाणी झाली. आमच्या घरी पुरण शिजलं, पण ते कोणी चवीने खाल्लं नाही. हे दिवसभर केंद्रात बसून राहायचे. यांनी छपरावर पाचट टाकलं, जाळीच्या कडेने कूड उभारून त्याला ओली पोती लावली, जिथे भेग नाही तिथेही डागडुजी केली. आईशी बोलणं बंद. अक्काही यांच्यावर टीका करायच्या थांबल्या, आणि खरं सांगते, ते मला जास्त भीतीदायक वाटलं. घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

एके दिवशी मी भाकरी थापत होते. अक्का चुलीपाशी काटक्या मोडत बसल्या होत्या. मोडायच्या काटक्या संपल्या तरी त्यांचे हात चालूच होते.

"यशोदा," त्या म्हणाल्या, "मना हातले यश नही शे."

मी म्हटलं, "असं काय बोलतस अक्का?"

"पहिली तुळसा. मंग रामा. मंग एक पोऱ्या, त्यानं ते नाव ठेवानं बी ऱ्हाई गयं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "त्या बी मना हाते गयात. आते या बी जातीन."

या घरात मी इतकी वर्षं होते, ती नावं मी पहिल्यांदा ऐकली. यांनीही कधी ऐकली नसावीत. मला या बाईचा इतका राग येत आला होता, आणि त्या क्षणी तो कुठे गेला ते कळलं नाही. तव्यावरची भाकरी करपली. मी उठून त्यांच्याजवळ बसले आणि त्यांचे हात धरून ठेवले, कारण काटक्या नसताना ते थांबत नव्हते.  

जेठ निम्मा सरला. धुळ्याहून निरोप आला की जाळी-पत्रे न्यायला ट्रक येतो आहे. साहेब हिलाल नानांकडेच मुक्कामाला होते. त्यांनी निरोप्याला म्हटलं, "ट्रकला जरा वाटेत बिघडायला सांगा." त्यांना विनोद करताना मी तेवढंच पाहिलं.

मग ती सकाळ. नुकतं उजाडलं होतं. मी झारी भरून केंद्रात गेले आणि टोपलीवर धरणार, तोच मला दिसलं की मधली वाळू खचली आहे. वाटीएवढा खळगा. पहिल्यांदा वाटलं, उंदीर. मी खाली वाकले. खळग्याच्या तळाशी वाळूचे कण आपोआप हलत होते. मग त्यातून काळं, ओलं, टोकदार नाक वर आलं, आणि नाकामागून दोन डोळे माझ्याकडे टकामका बघायला लागले.

माझ्या हातातली झारी गळून पडली. "अहो!" मी ओरडले. "अहो, या!" आणि पुढे काय वाटलं कोणास ठाऊक, पण मी गावभर ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला नावाने हाक मारली. आयुष्यात एकदाच. हे खोलीतून अनवाणी धावत आले, टोपलीपाशी गुडघ्यांवर बसले आणि हात मागे बांधून घेतले, चुकून लागायला नको म्हणून. एकामागून एक नाकं वर येत होती. मोठ्या नाण्याएवढी पिल्लं, एकमेकांच्या पाठीवर पाय देत, वाळू झटकत. यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हे ते पुसत नव्हते. माझा जीव जो भांड्यात पडला, त्याचा आवाज नदीपलीकडच्या धाब्यावरही गेला असेल.

साहेब लुंगीवरच धावत आले. बघून त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं, हा माणूस दिवाळीपासून श्वास धरून होता. "जगली," ते म्हणाले. "वहिनी, जगली!" मग त्यांनी नदीकडचं दार उघडलं आणि सगळ्यांना बाजूला केलं. उचलायचं नाही, पिल्लांनी आपल्या पायाने पाण्यापर्यंत जायचं.

तोवर गाव जमलं. हिलाल नाना, सुंदरबाई, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. आणि सगळ्यांच्या मागे अक्का. त्या पुढे येत नव्हत्या. मीच त्यांना हाताला धरून आणलं. पिल्लं उतारावरून नदीकडे निघाली होती. त्यांच्या पाठींवर काळे गोल ठिपके होते, लहान बाळाच्या गालावर तीट लावावी तसे. गर्दीतली एक बाई म्हणाली, "अगं बाई, किती सुंद..."

"गप!" अक्का कडाडल्या. "सुंदर कसाना? काळाकुट्ट भुतडा शेतस! उकिरडावरना किडा! फुकट बी कोणी लेवाव नही!"

साहेब चमकून वळले. त्यांना वाटलं असावं, म्हातारीचं डोकं फिरलं. पण मला कळलं होतं. मी पदर खोचला आणि अक्कांच्या आवाजात आवाज मिळवला, "चपटा तोंडना! यासले कोण इचारी?" मग सुंदरबाई, मग हिलाल नाना, "कोंबडासले टाकानी बी लायकी नही यासनी!" बघता बघता अख्खं गाव त्या इवल्याशा जिवांना शिव्या देत त्यांच्या मागे मागे चाललं. पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना जोर चढला. एखादं पिल्लू वाटेत उलथलं की लोक "मर मेल्या!" म्हणायचे आणि ते सरळ झालं की टाळ्या पिटायचे.  मग साहेबांनी घसा साफ केला आणि आपल्या मऊ आवाजात म्हणाले, "अगदीच... अगदीच टाकाऊ आहेत." लोकांनी त्यांना डोक्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं.

शेवटचं पिल्लू पाण्यात शिरलं. तापीने ते अलगद घेतलं.

ती का जगली, ते मला विचारू नका. साहेब म्हणतात, अक्कांनी टोपली डोक्यावरून नेली, ती जराही कलली नाही म्हणून. अक्का म्हणत, नाव ठेवलं म्हणून. मी दोघांनाही हो म्हणत आले आहे. ट्रक आला तो रिकामाच परत गेला, आणि मी ड्रायव्हरला पोटभर जेवू घालून पाठवलं.

पण मला सांगायचं आहे ते त्या आधीचं. माणसं पांगली. हे आवाराच्या उंबऱ्यावर बसले होते, अंगावर वाळू, डोळे लाल. अक्का यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. आखाजीआधीपासून मायलेक एकमेकांशी बोलले नव्हते. अक्कांनी छपराकडे पाहिलं, कुडाकडे पाहिलं, खाली पाणी मुरायला केलेल्या वाटेकडे पाहिलं.  म्हणाल्या, "गवंडी म्हने! छप्पर वाकडं, कूड वाकडा. गधडा बी उभा ऱ्हावाव नही आठे."

एरवी यांची मान खाली गेली असती. त्या दिवशी यांनी मान वर केली आणि आईकडे बघत राहिले, एखादी गोष्ट पहिल्यांदाच नीट ऐकू आल्यासारखे. मग यांनी सरकून उंबऱ्यावर जागा केली.

"बस, माय," हे म्हणाले. "आखो बोल, थांबू नको."

अक्का बसल्या. आणि ऊन चढेपर्यंत, त्या आवारातली एकेक वस्तू दाखवून, मी यांच्यासाठी न्याहारी घेऊन आले तरी, लेकाला नावं ठेवत राहिल्या.